लंडनमध्ये भाकरीच्या शोधात

परदेशी राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "थंडी फार असते का हो तिकडे?" आणि दुसरा, "जेवणाखाण्याचं कसं जमवलंत?" पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला आजवर कुणालाही नीट देता आलेले नाही. यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी धरला, तेव्हा वाटले की तेच उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावे. विषय साध्या भाकरीचा आहे. पण तिच्यामागे थोडा इतिहास आहे, थोडे शास्त्र आहे आणि शेवटी आपल्या महाविद्यालयाशी संबंध असलेली एक गोष्टही आहे.

मी नाशिकचा. पंचवटीत लहानाचा मोठा झालो, याच महाविद्यालयात इतिहास शिकलो आणि आता इथेच शिकवतो. २०११ च्या सप्टेंबरपासून वर्षभर अभ्यासासाठी लंडनला राहण्याचा योग आला. निघताना आईने चिवडा, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड आणि काळा मसाला बांधून दिला होता. चिवडा आठ दिवसांत संपला. पापड वसतिगृहातल्या मित्रांनी संपवले. काळा मसाला तेवढा शिल्लक राहिला, कारण तो कशात आणि किती घालायचा हे मला ठाऊक नव्हते. तोपर्यंत मी स्वयंपाकघरात जात असे तो पाणी प्यायला किंवा वाढलेले ताट घ्यायला.

तिसऱ्या आठवड्यात भाकरीची आठवण येऊ लागली. पोळी कुठेही मिळत होती, भात मिळत होता. हवी होती ती बाजरीची भाकरी, पिठले आणि खरडा. जगातले सगळे अन्न लंडनमध्ये मिळते अशी ख्याती ऐकून होतो. मग एक भाकरी का मिळू नये, असे म्हणून मी शोधाला लागलो.

'इंडियन' अशा पाट्या पावलोपावली होत्या. आत गेलो की यादी मात्र सगळीकडे एकच: कोर्मा, मद्रास, विंदालू, बाल्टी, टिक्का मसाला. त्यातला विंदालू तेवढा आपल्या शेजारच्या गोव्याचा, पण गोव्याच्या माणसाने तो तिथे ओळखला नसता. तिथे विंदालू म्हणजे यादीतली सर्वांत तिखट आमटी, एवढाच अर्थ उरलेला होता.

असे का, याचा मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून शोध घेतला. लंडनमध्ये हिंदी माणसाने काढलेले पहिले उपाहारगृह १८१० सालचे. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी पोर्टमन चौकाजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' थाटले. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले साहेब. दोन वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. पुढे १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' निघाले, तेही मुख्यतः अशाच गिऱ्हाइकांच्या आठवणींवर. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. बोटींवर खलाशी म्हणून आलेल्या सिल्हेटच्या लोकांनी लहानमोठी खाणावळघरे चालवायला घेतली, आणि आज ज्यांना तिथे 'इंडियन' म्हणतात त्यांतली बहुसंख्य हॉटेले या बांगलादेशी मंडळींनी वाढवलेली आहेत. आपल्या घरी ते मासे आणि भात खात. हॉटेलात मात्र इंग्रज गिऱ्हाइकाला रुचेल ते शिजवत. यात लबाडी कसली? पोटापाण्याचा धंदा होता आणि तो त्यांनी कष्टाने केला. २००१ साली इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे एका भाषणात सांगितले, ते एका परीने खरेच होते. तो पदार्थ आपला कमी आणि त्यांचा जास्त.

पंजाबी आणि गुजराती अन्न त्या मानाने सहज मिळाले. साउथॉलला पंजाबी वस्ती मोठी. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना घालवून दिले, तेव्हा पंचवीस हजारांहून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांत गुजराती पुष्कळ होते आणि व्यापार हा त्यांच्या हाडात होता. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर आज जी वाणसामानाची दुकाने आणि फरसाणाची हॉटेले आहेत ती या मंडळींची. मराठी माणूस तिथे गेला तो बहुतांशी डॉक्टर, इंजिनिअर किंवा विद्यार्थी म्हणून. नोकरी करणारा माणूस हॉटेल काढत नाही. म्हणून मराठी जेवण लंडनमध्ये होते ते घराच्या दाराआड. रस्त्यावरून हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला ते दिसणार कसे?

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते एका मंगोलियन मुलीने. आमच्या वसतिगृहात सर्वांना मिळून एक स्वयंपाकघर होते आणि ती माझ्याच मजल्यावर राहत असे. उलानबातरची. एकदा आम्ही पाच-सहा जण जेवायला म्हणून बाहेर पडलो असता 'मंगोलियन बार्बेक्यू' अशी पाटी दिसली. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "चला, आज तुझ्या गावचं जेवू या." ती हसत सुटली. म्हणाली, "मी हे पहिल्यांदा लंडनमध्येच पाहिलं!"

मी मागाहून वाचून काढले. मोठ्या गोल तव्यावर मांस आणि भाज्या परतून देण्याचा हा प्रकार १९५१ साली तैवानमध्ये, तैपेई शहरात निघाला. काढणारा वू चाओनान हा मूळचा पेकिंगचा विनोदी नट. पेकिंग त्या वेळी शत्रूच्या राज्यात गेलेले, म्हणून त्याने दुकानाला मंगोलियाचे नाव दिले. मंगोलियाचा संबंध एवढाच. हे वाचून मला आपल्या कॉलेज रोडवरच्या गाड्या आठवल्या. तिथे आपण मिटक्या मारीत जे 'मांचुरियन' खातो ते मांचुरियातल्या कुणाला ठाऊक नसते. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात ते प्रथम केले, असे सांगतात. आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपली फोडणी, वर सोया सॉस. दूरच्या मुलखाचे नाव दिले की पदार्थ खपतो, हे तैपेईला कळले तसे मुंबईलाही कळले.

"मग तुमचं खरं जेवण कुठे मिळतं?" मी तिला विचारले.

"ज्याच्या घरी आजी आहे त्याच्या घरी," ती म्हणाली.

आजीवरून मला लंडनच्या आजीबाईंची आठवण झाली. जुन्या वाचकांना सरोजिनी वैद्य यांचे 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' हे पुस्तक ठाऊक असेल. राधाबाई बनारसे या विदर्भातल्या खेड्यातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाई. वैधव्यानंतर पुनर्विवाह होऊन लंडनला गेल्या, आणि पुढे त्यांनी तिथे मराठी माणसांसाठी खाणावळ चालवली. महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडात अन्नधान्याचे रेशनिंग होते आणि ते १९५४ पर्यंत टिकले. त्या दिवसांत परमुलखात वरण-भात मिळणे ही केवढी गोष्ट असेल! १९८३ मध्ये आजीबाई वारल्या. मी गेलो तेव्हा त्यांच्या खाणावळीचा काळ सरलेला होता. पण हॉटेल आणि खाणावळ यांतला फरक मला त्यांच्या कहाणीने समजला. हॉटेलवाला परक्यासाठी शिजवतो, म्हणून परक्याच्या जिभेकडे पाहून शिजवतो. खाणावळीत जेवणारा आपल्यातलाच असतो. आमटी बिघडली तर तो ताटावरून तोंडावर सांगतो. अन्नाचा खरेपणा टिकतो तो या सांगण्याने.

याच कारणाने अपवादही घडतात. २०१० साली मुंबईच्या दोन मित्रांनी, सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी, लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो भागात वडापाव विकायला सुरुवात केली होती. मी तो खाल्ला आणि तो वडापावच होता. विमानतळ जवळ, आपल्याकडच्या लोकांची वस्ती दाट. नुसत्या दर्शनाने वडा ओळखणारी माणसे समोर उभी राहिल्यावर वडा बिघडवण्याची सोय राहत नाही.

पण भाकरी अजून मिळाली नव्हती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथल्या ओळखीतून एका काकूंशी परिचय झाला. मूळच्या सिन्नरकडच्या, लंडनला येऊन तीस वर्षे झालेल्या. नाशिकचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी जानेवारीत भोगीला जेवायला बोलावले. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा. मी पहिला घास घेतला आणि नंतर बराच वेळ काही बोललो नाही. काकूंनीही काही विचारले नाही, दुसरी भाकरी वाढली.

जेवणानंतर मी म्हणालो, "काकू, मला शिकवा."

"आधी पीठ कुठलं आणतोस ते सांग," त्या म्हणाल्या. मी ईलिंग रोडवरून तयार पिठाची पिशवी आणून ठेवली होती. त्यांनी हात उडवला. "ते कडू लागेल बघ."

आणि ते लागलेच. याचे कारण सांगण्यासारखे आहे. बाजरीत इतर बऱ्याच धान्यांपेक्षा तेलाचा अंश जास्त. दाणा अखंड असतो तोवर ते तेल सुरक्षित असते. दळले की हवेशी आणि दाण्यातल्याच पाचक द्रव्यांशी त्याची गाठ पडते आणि थोड्याच दिवसांत पीठ खवट होते. म्हणून आपल्याकडे बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणण्याची पद्धत. ज्वारीचे दुखणे वेगळे. तिचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे भाकरी थापताना कडा फाटतात. गव्हात चिवट द्रव्य असते, त्यामुळे पोळी लाटता येते, ताणता येते. ज्वारी-बाजरीत ते नाही. त्यांचे पीठ धरून ठेवायचे तर आधणाचे पाणी घालावे लागते. कढत पाण्याने पिठातला काही भाग शिजतो, चिकट होतो आणि बाकीच्याला बांधून ठेवतो. आपल्या आज्यांना हे शास्त्र हातांनी माहीत होते.

काकूंकडे घरगुती चक्की होती. ईलिंग रोडवर अखंड बाजरी मिळे, ती त्या घरी दळत. त्यांनी मला किलोभर ताजे पीठ दिले. मी वसतिगृहात येऊन कामाला लागलो.

पुढचे दोन महिने म्हणजे फजितीचा इतिहास आहे. पहिली भाकरी परातीतून तव्यापर्यंत तीन तुकड्यांत गेली. लंडनचे पाणी जड, चुन्याचे. त्यात तूरडाळ तास तास शिजवली तरी दाणा मऊ होईना, शेवटी प्रेशर कुकर घ्यावा लागला. मिसळीसाठी मटकी भिजवली तर थंडीमुळे दोन दिवसांत मोडाचे नाव नाही. मग ती फडक्यात बांधून खोली गरम करण्याच्या रेडिएटरजवळ ठेवली, तेव्हा कुठे मोड फुटले. आईचा काळा मसाला संपत आल्यावर नवा करावा म्हणून सुके खोबरे आणि मिरच्या भाजायला घेतल्या. खोबरे काळपट होण्याच्या बेताला छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली आणि सबंध मजला रात्रीच्या कपड्यांत खाली रस्त्यावर जमा झाला. मंगोलियन मुलगी थंडीत कुडकुडत म्हणाली, "नाशिकला रोज असं होतं?"

दर रविवारी आईला फोन होई. पूर्वी आमचे बोलणे 'जेवलास का' आणि 'तब्येत सांभाळ' यांच्यापुढे जात नसे. आता ते लांबू लागले.

"पाण्याला उकळी फुटली होती का?"

"फुटली होती."

"मग लगेच ओतलंस ना? गार करत बसलास तर उपयोग नाही. आणि मळायला कंटाळू नकोस रे. भाकरी थापण्यात नाही, मळण्यात आहे. वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवलास?"

"तो कधी फिरवायचा?"

आई पलीकडे हसली. "चाळीस वर्षं झाली, मला हे कुणी विचारलं नव्हतं."

एप्रिलात एक भाकरी फुगली. विजेच्या शेगडीवर विस्तव नाही, त्यामुळे तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागली. तरीही पापुद्रा सुटला. त्याआधी फेब्रुवारीत त्या मुलीने आपल्या नववर्षाला, 'त्सागान सार'ला, मला एका मंगोलियन कुटुंबाकडे नेले होते. तिथे मिठाचा दुधाळ चहा मिळाला आणि 'बूझ' नावाचा वाफवलेला पदार्थ. खिम्याचे सारण भरून कणकेच्या पारीला चिमटीने मुखऱ्या पाडलेल्या, थेट आपला मोदक. घरातल्या आजी पारी वळत होत्या आणि सगळ्या वयाची माणसे भोवती बसून त्यांच्यासारखी वळायचा प्रयत्न करीत होती. पाटी कुठेच नव्हती. माझी भाकरी फुगली त्या दिवशी त्या मुलीला मी पिठले-भाकरी वाढली. तिने शांतपणे खाल्ली आणि म्हणाली, "आता हे खरं."

याच सुमारास घराजवळच्या दुकानात मला हिरव्या द्राक्षांची पेटी दिसली, खाली लिहिलेले 'भारत'. फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्या निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम. 'महाग्रेप्स'ची स्थापना १९९१ ची, आणि तेव्हापासून निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे इंग्लंड-हॉलंडला जाऊ लागलेली. मी महिनोन्महिने नाशिक शोधत होतो आणि ते दुकानात नाव न सांगता बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना सांगावेसे वाटले, 'ही आमच्याकडची.' पण धीर झाला नाही.

असो. २०१२ मध्ये परत आलो. आता वचन दिल्याप्रमाणे आपल्या महाविद्यालयाची गोष्ट.

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात सुरगाण्याकडचा एक विद्यार्थी होता. हुशार, पण बोलायला संकोची. एकदा तासानंतर तो थांबला असता मी सहज विचारले, "राहतोस कुठे? जेवणाचं कसं?"

"मेस लावलीय सर. पोळी, भाजी, वरण-भात. सगळं चांगलं असतं." थोडा थांबला आणि म्हणाला, "फक्त नागलीची भाकर नाही मिळत."

मी चपापलो. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतली कितीतरी मुले दर वर्षी आपल्याकडे येतात. त्यांच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी हे रोजचे जेवण. माझ्यासाठी जे लंडन होते ते त्यांच्यासाठी नाशिक आहे. आपल्या शहरात मिसळीच्या पाट्या शेकड्यांनी, मांचुरियनच्या गाड्या गल्लोगल्ली. पण याच जिल्ह्यातली ही भाकरी कुठल्याही पाटीवर मला आठवेना. इतकी वर्षे शिकवीत होतो आणि एकाही मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता. लंडनच्या त्या काकूंनी परक्या मुलाला भोगीला घरी बोलावले. मी काय केले होते?

दिवाळीनंतर तो गावाहून येताना नागलीचे पीठ घेऊन आला. मी त्याला घरी बोलावले. आईचे हात आता दुखतात, थापणे तिला जमत नाही. घरातल्या भाकरी मीच करतो. पण नागलीची भाकरी आमच्या घरात कधी झाली नव्हती. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि त्याला म्हणाली, "तू सांग रे बाबा, याला बाजरीचंच येतं."

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शेजारच्या खाटेवर जो मुलगा झोपतो त्याच्या घरी आज काय शिजले असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर विचारा. मेसच्या चालकांशी बोलून आठवड्यातून एक दिवस असे जेवण ठेवता येईल का, हेही पाहा. त्याला फारसा खर्च येणार नाही. पीठ आपल्याच जिल्ह्यात पिकते आणि करणाऱ्यांचे हातही इथेच आहेत.

त्या दिवशी मी पातेले शेगडीवर चढवले, कडेने बुडबुडे दिसताच पीठ ओतायला गेलो, तेव्हा इतका वेळ गप्प उभा असलेला तो मुलगा पुढे झाला आणि वर्गात कधी काढला नव्हता एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाला, "थांबा सर. अजून उकळी यायचीय."